काकांच्या जागी काकू

आधी हनुवटी टेकवा, म्हणजे निवांत बोलता येईल. मी डोळे तपासणारी पेटी बोलतेय.

जन्म कारखान्यातला, पण जीव रमला तो पेंटरकाकांच्या घरी. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उतारवयात त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजू लागला, म्हणून डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे धाडलं. रोज सकाळी एकेका डोळ्याने त्यांनी माझ्यात बघायचं. मी ठिपक्यांची रांग दाखवायची, ती जिथे वाकडी दिसेल ती जागा त्यांनी बटण दाबून सांगायची. निकाल थेट दवाखान्यात. आजार बळावायच्या आत कळावा, एवढंच माझं काम.

"जन्मभर सरळ रेघा ओढल्या, आता ही मला रेघा शिकवणार!" काका कुरकुरायचे. पण खाडा कधी करायचे नाहीत.

एकदा त्यांना सडकून ताप आला. शिवणकाम बाजूला ठेवून काकू उठल्या. स्वतःशीच म्हणाल्या, "खाडा कशाला? मीच बसते." आणि बसल्यासुद्धा! नवऱ्याचे डोळे बायको तपासून देणार! मला हसू आवरेना. पण डाव्या डोळ्याची पाळी आली आणि माझं हसू विरलं. सरळ रांगेत काकूंना भलामोठा फुगवटा दिसत होता. एरवी उजवा डोळा सांभाळून घ्यायचा, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

दवाखान्यातून फोन आला, "काका, डावा डोळा बिघडलाय, लगेच या." ताप उतरताच काका गेले. डोळा होता तसाच! पेटीच बिघडली असणार, परत पाठवा, असं ठरलं. मला खोक्यात भरलं, तेव्हा मी आतल्या आत ओरडत होते.

चिकटपट्टी लावताना काकू थबकल्या. "अहो, तुम्हाला ताप होता ना, त्या दिवशी मी बघितलं होतं हिच्यात."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही रागावाल म्हणून..."

"रागावतो नंतर. आधी चप्पल घाल!"

काकूंच्या पडद्याखाली नुकतंच पाणी साचू लागलं होतं. वेळेवर इंजेक्शनं मिळाली, नजर वाचली. काका सांगत सुटले, "ताप मला आला आणि गुण हिला!"

माझ्यात काकूंचंही नाव चढलं. मग रोज सकाळी आधी कोण बसणार, यावरून दोघं भांडायची. काय सुंदर सकाळी होत्या त्या! आठवलं की जीव गलबलतो.

आता काका नाहीत. काकू सुई अजून स्वतःच ओवतात. तुमच्या घरी कुणी 'वयच झालं' म्हणून गप्प बसलं असेल, तर एकेक डोळा झाकायला सांगून विचारा त्यांना, रेघ सरळ दिसते ना?

काकूंना विचारावं लागत नाही. त्या रोज येतात, भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "अहो, बसते हं तुमच्या जागी."