न वाचलेली अक्षरं

नमुना क्रमांक एकशे बारा पडद्यावर उघडला आणि ती खुर्चीतच मागे सरकली. रुग्णालयाच्या कागदावरचा हा क्रमांक तिला दोन महिने तोंडपाठ होता. बाबांचा.

लस बेतणाऱ्या या प्रयोगशाळेत तिचं काम साधं होतं. नव्या तापाने आजारी पडलेल्यांच्या घशातला विषाणू दुसरीकडे वाचला जाई आणि त्याची घडण अक्षरांत मांडून इथे येई. माणसागणिक तीसेक हजार अक्षरं. ती निवडून-टिपून पुढे धाडायची. मग मोठा संगणक सगळ्यांत सारखे राहिलेले तुकडे हुडकी, आणि त्यांवरून लस ठरे. शंभरात पाचाहून जास्त अक्षरं न वाचलेली निघाली, तर नमुना वगळायचा.

बाबांची सात निघाली. तिने पुन्हा मोजायला लावलं. सातच.

बाबा शिलाईयंत्रं दुरुस्त करायचे. ताप चढला तेव्हा दुकानात चार यंत्रं उघडी पडली होती. नुसतं पडसं आहे, डॉक्टर काय माझं तेल बदलणार का, असं म्हणत त्यांनी सहा दिवस घरच्यांना गुंडाळलं, चारही यंत्रं पोचती केली आणि मग अंथरूण धरलं. घशाचा नमुना घेईपर्यंत दुखणं छातीत उतरलं होतं. घशात वाचण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं. रुग्णालयातून ते परत आलेच नाहीत.

आई मात्र रोज विचारी, त्यांचं आलं का गं. मावशी फोनवर समजूत घालू लागली की आईच तिला सांगे, अगं, त्यांच्यामुळे किती लेकरं वाचतील बघ. एवढ्या एका गोष्टीवर आई दोन वेळा जेवत होती.

पलीकडच्या टेबलावरचे दादा, सगळ्यांत जुने, उठून जवळ आले. त्यांना क्रमांक ठाऊक होता.

"आजूबाजूच्या नमुन्यांवरून भोकं भरून घे," ते हळूच म्हणाले. "प्रोग्रॅम काही ओरडत नाही. पाचशेतल्या एकाने काय आभाळ कोसळतंय?"

तिने भरली. दोन मिनिटांत बाबा सलग झाले. एकही रिकामी जागा नाही. ती बघत राहिली.

पण ती अक्षरं एकशे नऊची होती, एकशे तेराची होती. बाबांच्या अंगात विषाणू कुठे बदलला असेलही. संगणक मात्र धरून चालणार, की इथे सगळे सारखेच. आणि त्या तुकड्याच्या भरवशावर उद्या कुणाच्या तरी दंडात सुई जाणार.

तिने भरलेलं पुसलं. कारणाच्या रकान्यात 'अपूर्ण' लिहिलं आणि नमुना वगळला. दादा आपल्या जागी गेले.

संध्याकाळी आईने दारातच विचारलं. काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती.

"आलं होतं, आई. पुरतं वाचलं गेलं नव्हतं. काढावं लागलं."

"म्हणजे ते नाहीत त्यात?"

"नाहीत."

आई भिंतीला टेकली. जिन्यातून कुणीतरी वर गेलं, त्याची पावलं विरली.

"कुणी काढलं?"

"मीच."

"बरं झालं," आई म्हणाली. "तिकडे रुग्णालयात तर शेवटी आपल्याला त्यांना हातसुद्धा लावू दिला नाही."

मग तिने लेकीचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दार उघडंच ठेवून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.