मयताच्या घरातला विस्तव

छगननानांनी मागच्या पडवीत बॉयलर बसवला, तेव्हा गावाने त्यांची भरपूर मजा घेतली. तापीकाठच्या त्या गावात लोकांना कामं नसतात असं नाही, पण दुसऱ्याच्या घरी नवी वस्तू आली की हातातली कामं टाकून ती पाहायला जायचं, हा तिथला जुना रिवाज. लोक आले, त्या उभ्या लोखंडी पिंपाला वळसा घालून गेले आणि म्हणाले, म्हातारा साखर कारखान्यातून रिटायर झाला खरा, पण बॉयलर काही त्याला सोडेना.

नानांची उभी हयात कारखान्याच्या बॉयलरवर फायरमन म्हणून गेली होती. शेती भावाने पाहिली, यांनी भट्टी पाहिली. पण हा बॉयलर हौसेचा नव्हता. तो त्यांनी नातीसाठी केला होता.

मुलगा हेमकांत आणि सून भूमिका यांना लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मूल व्हायचं होतं, तर तेही दिवस भरायच्या आत झालं. पोर एवढीशी, की नानांच्या बायकोला, सिंधुबाईंना, तिला हातात घ्यायचीच भीती वाटली. शहाद्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई बजावून म्हणाल्या, "खोली सतत उबदार राहिली पाहिजे. तळपाय आणि पोट गार लागलं, तर ते साधं समजू नका. आणि आजी, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं लावून घ्यायची नाहीत. त्या कोंडलेल्या वायूने बाळ झोपेतच जातं."

सिंधुबाईंना राग आला होता. त्यांची तिन्ही बाळंतपणं त्याच शेगडीवर झाली होती. पण पोर जगवायची होती, म्हणून राग गिळला. विजेचा हीटर आणला, तर गावातली वीज अशी, की दिवाच काजव्यासारखा लुकलुकायचा, हीटर काय तापणार! आणि यंदा पौषात सातपुड्यावरून असा वारा उतरला की केळीची पानं करपून गेली.

मग नानांनी शहाद्याच्या एका वेल्डरकडे बसून हे धूड तयार करून घेतलं. आत जाळ, भोवती पाणी, वर धुराचं नळकांडं. तापलेलं पाणी पाईपातून भिंतीपलीकडे बाळंतिणीच्या खोलीत जायचं, खाटेभोवती फिरायचं आणि गार होऊन परत यायचं. खोलीत धुराचा कण नाही, आणि ऊब मात्र चैत्रातल्या सकाळसारखी. जळणाचाही नखरा नव्हता. कपाशीच्या काड्या, तुरीच्या तुरकाट्या, उसाची चिपाडं, गोवऱ्या, कणसांची दाणे काढलेली बुरकुंडं, सगळं त्याला चालायचं.

"जे भेटी ते खाई हाऊ," नाना अभिमानाने सांगायचे, "फक्त ओलं घालानं नही. आनि याले उपाशी ठेवानं नही."

बॉयलरला ते कुणाला हात लावू देत नसत. तिथेच खाट टाकून झोपायचे, उठून काड्या घालायचे. सिंधुबाई एकदा चिडून म्हणाल्या, "म्हातारपनमा मन्ही सवत लई ऊनात." नाना हसले होते. पण भिंतीतून येणारा पाण्याचा बारीक खळखळाट ऐकल्याशिवाय सिंधुबाईंनाही आता झोप येत नसे.

त्या दिवशी उजाडताना नानांनी बॉयलर पोटभर भरला, चहा मागितला, भिंतीला पाठ लावून बसले. सिंधुबाई कप घेऊन आल्या तेव्हा ते बसलेलेच होते, डोळेही उघडे होते, पण माणूस त्यात नव्हता. हेमकांत धावला, गावातला डॉक्टर आला, त्याने नाडी पाहिली आणि मान हलवली.

मयत पुढच्या खोलीत घेतलं. मुलगी रंजिता सुरतेला दिलेली, ती निघाली होती. ती येईपर्यंत उचलायचं नाही असं ठरलं. बायका जमल्या. सिंधुबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि बसल्याच राहिल्या. रडू येत नव्हतं. कुणीतरी आतून पिळून सुकत घातल्यासारखं झालं होतं.

मगनआबा आले. नानांचे थोरले चुलतभाऊ, भाऊबंदकीत सगळ्यांत वडील. सिंधुबाईंचे ते जेठ, म्हणजे थोरले दीर. सून म्हणून या घरात आल्यापासून त्यांच्यासमोर सिंधुबाईंनी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, आणि त्यांच्याशी तोंड उघडून एक शब्द बोलल्या नव्हत्या. काही सांगायचंच झालं तर पोरांमार्फत, नाहीतर भिंतीला ऐकवल्यासारखं. जेठाशी बोलायचं नाही म्हणजे नाही.

आबांनी भावाच्या कपाळावर हात ठेवला. मग ते अंगणात गेले, आणि मागून उठणारा धूर त्यांना दिसला.

"हेमकांत, मयत घरमा शे नी इस्तो पेटेल शे?" ते म्हणाले. "जीव अजून घरमाच ऱ्हास. त्याले चटका बसस. इझाड तो."

यात आबांचा दुष्टपणा नव्हता. मयत उठेपर्यंत घरात चूल पेटवायची नाही, हे गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. शेजारचे भाकरी आणतात, पण त्या घरात काडी ओढली जात नाही. जाळ केला तर जाणाऱ्याच्या जिवाला भाजतं. सिंधुबाईंच्या सासूने त्यांना हे सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मनापासून मानलं होतं.

हेमकांत आधीच सैरभैर झालेला. बाप समोर पडलेला, चुलता सांगतोय. तो पडवीत गेला आणि लोखंडी आकडीने जाळ बाहेर ओढून त्यावर माती टाकली. बायको-पोरीचं त्याच्या मनात आलं नसेल असं नाही, पण त्या घडीला तो मुलगा होता, बाप व्हायला त्याला उसंत नव्हती.

सिंधुबाईंना ते दिसलं नाही, पण कळलं. भिंतीतला खळखळाट हळूहळू मंदावला आणि थांबला. भोवती बायकांचा आक्रोश चालला होता, तरी त्यांना ती शांतता ऐकू आली. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुम्हीच सांगा आता काय करू, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत मत देणारा माणूस, नेमका आजच गप्प बसला होता.

ऊन अंगणात आलं, पण ते नुसतं दिसण्यापुरतं. वारा तसाच बोचत होता. सिंधुबाई उठल्या. शेजारच्या दिवलीबाईंनी त्यांचा हात धरला, "कोठे जास व माय? उशाजवळथून उठू नको." सिंधुबाईंनी हात सोडवून घेतला.

मयताला शिवलेल्या अंगाने त्यांना बाळंतिणीच्या खोलीत जाता येत नव्हतं. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आत भूमिका पोरीला उघड्या छातीशी धरून, वर दोन गोधड्या घेऊन बसली होती. सासऱ्यांसाठी रडून तिचे डोळे सुजले होते आणि थंडीने तिचेच दात वाजत होते.

"पोरना पाय कसा शेत?"

"गार शेत, आई. पोटबी गार लागी ऱ्हायनं." भूमिकाचा आवाज फुटला. "आनि ती पिई नही ऱ्हायनी. मघाशी रडे, आते रडेबी ना."

दिवलीबाई मागून आल्या होत्या. "मन्हा घर लई चाला तिले," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या घरीही तीच गारठलेली फरशी आणि तीच शेगडी, आणि मधे वाऱ्याची उघडी गल्ली. गाडी करून शहाद्याला न्यायची म्हटलं तर या वाऱ्यात ती तिथवर पोचेलच याचा भरवसा नव्हता.

एका खोलीत गार पडलेला माणूस, आणि दुसऱ्या खोलीत गार पडत चाललेली त्याची नात. एकाच घराला एका दिवशी किती सोसायचं!

सिंधुबाई अंगणात आल्या. पुरुष तिरडीचे बांबू बांधत होते, ते थांबले. बाई अशी बाहेर येत नाही. सिंधुबाईंनी पदर नीट केला, जेठांच्या समोर गेल्या, आणि भिंतीकडे नाही, हेमकांतकडे नाही, सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"आबा, मी इस्तो पेटाडस."

आबांना क्षणभर कळेना, हा आवाज कुणाचा. इतक्या वर्षांत त्यांनी तो ऐकलाच नव्हता.

"सिंधू," ते म्हणाले, "त्याले चटका बसी. तुले माहीत शे ना?"

"माहीत शे." सिंधुबाई म्हणाल्या. "बसू द्या. त्यास्ना जनम भट्टीपुढे गया. एक चटका आखो बसना तं बसू द्या. माले बोलतीन, तुम्हले नही."

उत्तराची वाट न पाहता त्या पडवीत गेल्या. आणि तिथे पोचल्यावर त्यांना रडू कोसळायचंच बाकी राहिलं, कारण हे धूड पेटवायचं कसं हे त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं. त्यांनी काड्या कोंबल्या, काडी ओढली. धूर उलटा तोंडावर आला. खोकला, डोळ्यांत पाणी. पुन्हा काडी ओढली. वेडीवाकडी चिपाडं ठासून भरल्यामुळे आत वारा जात नव्हता. बाहेर ओढली, पुन्हा रचली. "पेट रे मुडद्या," त्या म्हणाल्या, आणि मयताच्या घरात कोणता शब्द तोंडातून गेला, याचं त्यांना भानही राहिलं नाही.

हेमकांत पडवीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. "आई, वरनी झाकनी उघडनी पडी," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मीच लाई दिन्ही व्हती."

"मंग उघड ना."

त्याने धुराच्या नळकांड्याची झाकणी उघडली. जाळाने एकदम आवाज करून वर ओढ घेतली. काड्या तडतडल्या. सिंधुबाईंनी त्याला पाठीवर थोपटून म्हटलं, "जाय. बापजवळ बस. आठे मी शे." तो गेला.

रंजिता आली. पुढच्या खोलीत पुन्हा हंबरडा उठला. सिंधुबाईंनी तो ऐकला, लेकीचा आवाज ओळखला, आणि मुठीने बुरकुंडं घालत राहिल्या. पाणी तापायला वेळ लागत होता. आत्ता उठावं तर जाळ बसेल, अशी भीती. बायका हिरव्या बांगड्या फोडायला त्यांना बोलवायला आल्या, तर त्या म्हणाल्या, "आठेच फोडा." पडवीतल्या दगडावर त्यांनी एक हात टेकला, आणि दुसऱ्या हाताने काड्या पुढे ढकलत राहिल्या. काचा जळणात पडल्या. दिवलीबाईंनी रडत रडत त्यांचं कपाळ पुसलं.

पुढे तिरडी बांधून झाली. बायका पुन्हा बोलवायला आल्या, तोंड पाहून घ्या म्हणून. सिंधुबाईंनी पाईपाला हात लावून पाहिला. कोमट होता, नुसता कोमट. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुढच्या दारात राम बोलो भाई राम झालं, आणि नाना घरातून निघाले. सिंधुबाईंनी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं संसार केला, आणि दारापर्यंतही गेल्या नाहीत, या दुःखाने त्यांना जाळापेक्षा जास्त भाजलं.

मग भिंतीत खळखळाट सुरू झाला. आधी एक बारीक ठोका, मग दोन, मग पाणी चालतं झालं. सिंधुबाई जाळापुढे तशाच बसून राहिल्या. हात चालू होता, कान भिंतीला होता. बराच वेळ काही नाही. आणि मग आतून भूमिकाची हाक आली, "आई! पिई ऱ्हायनी व! पाय गरम व्हई गयात!" आणि त्यामागून पोरीचं रडणं, चांगलं तापट, घरंदाज रडणं.

तेवढ्यात मागच्या गल्लीत पावलं वाजली. प्रेतयात्रा त्या वाटेने कधी जात नाही. स्मशान नदीच्या अंगाला, आणि ही गल्ली उलटी शेतांकडे जाते. पण नदीच्या वाटेवरून मागे वळून तिरडी तिथेच आली होती. पुढे हेमकांत, हातात मडकं, आणि त्याच्या बाजूला मगनआबा. विसावा वाटेत एका ठरलेल्या वडाखाली घ्यायचा असतो. आबांनी हात वर केला.

"विसावा आठे घ्या," ते म्हणाले. कुणीतरी म्हणालं, आबा, इथे कधी घेतला नाही. "माले माहीत शे कोठे लेतस ते," आबा खेकसले. "खाली ठेवा."

तिरडी पडवीसमोर टेकली. आबा सिंधुबाईंकडे पाहत नव्हते. जमिनीकडे पाहत ते म्हणाले, "ये, सिंधू. देखी ले त्याले. इस्तोवर मी ध्यान देस." आणि वाकून त्यांनी काड्यांची एक मोळी स्वतः उचलली.

सिंधुबाई उठल्या. हात काजळलेले होते. कुणी म्हणालं, हात धुवा. त्यांनी ऐकलं नाही. त्या तिरडीच्या पायथ्याशी बसल्या आणि नवऱ्याचे पाय दोन्ही हातांत धरले. ते बर्फासारखे होते. त्यांचे हात जाळापुढून आलेले, त्यांनी ते पाय घट्ट धरून ठेवले, जसं काही अजून गरम होतील. आणि मग, सकाळपासून न आलेलं रडू आलं.

"तिना पाय गरम शेत," त्या म्हणाल्या. "तुम्हले चटका बसना व्हई, तं मी बसाडा. माले बोला. आते जा तुम्ही."