चंद्रीची ओमानी

आमची चंद्री जातीनं पंढरपुरी म्हैस, जन्म माढ्याचा, मुक्काम अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागं आणि भाषा ओमानी अरबी. यात तिची काही चूक नाही. आमचे आप्पा मस्कतकडं एका शेळ्यांच्या फार्मवर बरीच वर्षं कामाला होते. परत आले तरी जनावर दिसलं की तोंडातून तीच बोली. रेडकू असल्यापासून चंद्रीच्या कानावर तेच. मराठीत बोललं की साहेब अर्जदाराकडं बघतो तशी बघते.

परवा आप्पा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाले आणि इकडं चंद्रीनं दूध चोरलं. आई रडकुंडीला आली.

"युवराज, धार निघाली न्हाय तर कास सुजंल रं हिची."

मी मोबाईलवर अरबी बातम्या लावल्या. एकदम शुद्ध, पुस्तकी अरबी. चंद्री राष्ट्रगीत लागल्यासारखी ताठ उभी राहिली. दूध थेंबभर नाही. शेवटी आप्पांनाच फोन लावला आणि स्पीकर तिच्या कानाशी धरला.

"तआली, या हबीबती," आप्पा वॉर्डातून म्हणाले, "शवय शवय, या नूर अयूनी..."

चंद्रीनं डोळे मिटले. चरवी भरायला लागली.

तेवढ्यात फोनमध्ये दुसरंच कुणीतरी खो खो हसलं. शेजारच्या खाटेवरचे मंजुनाथ. तेही मस्कतला ड्रायव्हर होते म्हणे.

"काय म्हनत्यात वो हे?" आईनं विचारलं.

"वहिनी, 'ये माझे लाडके, हळूहळू, माझ्या डोळ्यांच्या उजेडा' म्हणायलेत की!"

आईनं धार पुरी काढली. चरवी झाकली. मग गोठ्यातच खाली बसली.

"मला तर म्हनला हुता, ह्याचा अर्थ 'सरक गं म्हशी'."

"अगं, जनावराला काय कळतंय?" आप्पा फोनवरून म्हणाले.

"तिला समदं कळतंय. तुमचा डबा कोन आननार?"

"तूच की."

"मग मलाबी उठवा. हिला उठवता तसं."

"बजा, ऊठ की गं."

"मराठी कळंना मला."

तिकडं अख्ख्या वॉर्डानं कान टवकारले. आप्पा खाकरले.

"तआली," ते इंजेक्शन घेतल्यासारखं म्हणाले. "या नूर अयूनी."

आई उठली. पदर सारखा केला. डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या.

संध्याकाळी चंद्रीनं परत दूध चोरलं. आप्पांचा फोन कानाशी धरला, तर तोंड फिरवलं. तिला समदं कळतंय.