खिडकीवरची ताटी

अकोल्याच्या बाजारात दाऊदभाईंचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, आणि उजेडातलं आपल्याएवढं कोणाला कळत नाही, असा त्यांचा ठाम समज होता. त्यांची बायको गुलनार घरी रफूचं काम करायची. तिचा कोपरा त्यांनी स्वतः बसवलेला. हिवाळ्यात तिची बैठक खिडकीतल्या उन्हात सरकायची, पावसाळ्यात भरदुपारी ट्यूब लागायची, आणि उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी बसली की टेबललॅम्प यायचा. इथला उन्हाळा घरात अंधार करूनच काढावा लागतो, त्यात नवल ते काय.

यंदा ताटी लागली आणि गुलनार म्हणाली, "दोन्ही बाजूंनी अंधार लागून राहिला मले."

दाऊदभाईंनी डावीकडे लाइट लावला, मग उजवीकडे. तक्रार कायम. एकदा ती माठाला अडखळली तेव्हा ते हसून म्हणाले, "आता काय सूर्य आणून टांगू?"

अमरावतीला दिलेली त्यांची लेक जेबा फोनवर म्हणाली, "अब्बा, अम्मीले डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा."

"बल्बवाल्याच्या घरात उजेडासाठी डॉक्टर काहून लागते?" असं म्हणून ते आणखी मोठा बल्ब घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, फक्त स्वतःच्या धंद्यावर फार भरवसा.

जून सरता सरता एका सकाळी त्यांनी ताटी उतरवून माळ्यावर टाकली. सगळे लाइट बंद केले. खोली उजेडानं भरली होती. गुलनार येऊन बसली आणि सुई चाचपडत म्हणाली, "आता तरी काढा ना ते ताटी."

"काढतो," दाऊदभाई म्हणाले, आणि उघड्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

अमरावतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर गेली ती गेली, समोरची औषधाच्या थेंबांवर जपायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं, हेही सांगितलं.

परतीच्या एसटीत दाऊदभाईंना रडू आवरेना. ते गुलनारच्या अगदी शेजारी बसले होते, म्हणून तिला ते दिसलं नाही. समोर बघतच तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मनावर नोका घेऊ, जेबाचे अब्बा. तुमी त माह्यासाठी घरभर लाइट लावले."