दोन जास्तीची बोटं

माझ्या नणंदेने माझ्या मुलीच्या बाहुलीला दोन बोटं जास्तीची शिवली. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात डोकं फिरण्यासारखं काय आहे? माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटलं. राग माझ्या नाकावर असतो हे जगजाहीर आहे, पण त्या दिवशीचा राग नाकावरचा नव्हता. तो फार खालून आला होता.

आधी नणंदबाईंबद्दल सांगते. त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली भाड्याने घेऊन दर रविवारी त्या हस्तकलेचा वर्ग चालवतात. आईबाप आणि मुलं एकत्र बसून काहीबाही बनवतात, मोज्यांच्या बाहुल्या, पुठ्ठ्याची घरं, बटणांची झाडं. कल्पना चांगली आहे. बाई कष्टाळू आहेत, हौशी आहेत, त्यांच्या हातात कला आहे, हे मी शत्रूसमोरही कबूल करीन. घोडं पेंड खातं ते पुढे. गोंद वाळायला म्हणून सगळ्यांच्या वस्तू आठवडाभर फळीवर राहतात, आणि त्या आठवड्यात नणंदबाई प्रत्येक वस्तूवरून शेवटचा हात फिरवतात. वाकडं छप्पर सरळ होतं. तिरळे डोळे समोर बघायला लागतात. एका पोराने मांजराला पाच पाय लावले होते, तर पुढच्या रविवारी मांजर गुमान चार पायांवर उभं. पोरगं म्हणे, हे माझं नाहीच. त्याच्या आईने त्याला मांजराशेजारी उभं करून फोटो काढला आणि म्हणाली, "बघ, किती छान केलंस तू!"

म्हणजे आईबापांचीही तक्रार नव्हती. घरी न्यायला देखणी वस्तू मिळते, वर पोराचं कौतुकही होतं. आंधळा मागतो एक डोळा, तसं.

आता माझ्याबद्दल. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला आहे. माझ्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कागद कापायच्या मशीनने नेलं, ते मुलगी जन्माला यायच्या आधी. काम मी आजही तिथेच करते आणि कोणाला हार जात नाही. पण चारचौघांत गेलं की तो हात आपोआप पिशवीमागे जातो. घरात काही कार्य असलं आणि फोटो काढायची वेळ आली की नणंदबाई कानाशी येऊन सांगतात, "तू जरा या बाजूने उभी राहा हं." मी मुकाट्याने बाजू बदलते.

मुलीला आम्ही खारू म्हणतो, कारण ती खारीसारखी सगळं साठवते. मी कारखान्यातून आणलेली कात्रणं, बांधणीच्या कापडाचे तुकडे, दोऱ्यांची टोकं, सगळं तिच्या खोक्यात जातं. टाकून द्यायचं नाव काढलं की घर डोक्यावर घेते. या स्वभावाच्या बाबतीत ती कोणावर गेली हे सांगायला नको.

या वेळी वर्गात विषय होता "आमच्या घरातलं माणूस", आणि शेवटी त्याचं प्रदर्शन. खारूने मला निवडलं. वर्गाला नवरा तिला घेऊन जायचा, पण माप घ्यायचं काम तिने घरी काढलं. एका संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून तिने पुठ्ठा मांडला आणि म्हणाली, "आई, हात ठेव." मी सवयीने उजवा ठेवला.

"हा नको. हा सगळ्यांसारखाच आहे."

तिने माझा डावा हात ओढून घेतला आणि पुठ्ठ्यावर पसरला. मग जीभ दाताखाली धरून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायला लागली. खुंटांपाशी आल्यावर पेन्सिल हळू झाली. मला गुदगुल्या होत होत्या आणि रडूही येत होतं. त्या हाताकडे आजवर लोकांनी चोरून तरी बघितलं होतं किंवा कीव करून तरी. इतकं मन लावून कोणी बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला तो हात माझा वाटला. खरं सांगते, खूप दिवसांनी वाटला.

बाहुली झकास झाली. लाल कापडाची, काळ्या दोऱ्याच्या केसांची. मान एका खांद्यावर पडलेली, भुवया जुळलेल्या.

"मी इतकी रागीट दिसते का गं?"

"थोडं कमीच केलंय," ती म्हणाली.

आणि डाव्या हाताला तीन बोटं. कापडाच्या बारीक सुरळ्या, आत कापूस. राहिलेल्या दोन जागी दोन गोल गाठी. ती बाहुली तिने छातीशी धरून वर्गात नेली आणि फळीवर ठेवून आली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो, तेव्हा खोली माणसांनी भरली होती. खारू गर्दीतून वाट काढत पुढे पळाली. मी मागून पोचले तेव्हा ती मधल्या टेबलासमोर उभी होती. माझी बाहुली मान ताठ करून बसली होती. भुवया मोकळ्या, ओठांवर हसू. आणि डाव्या हाताला पाच बोटं. शिवण इतकी सुबक की कुठली खारूची आणि कुठली आत्याची हे तिऱ्हाइताला कळणार नाही.

शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी वाकून विचारलं, "वा! ही तू केलीस?"

"आत्याने केली," खारू म्हणाली.

मग ती माझ्यापाशी आली आणि तिने माझा डावा हात धरला. रोज धरते तसा नाही. दोन्ही तळवे वरून ठेवून तिने तो झाकला, आणि कोणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"असा का गं धरतेस?"

"मी आत्ता विचारलं तर आत्या म्हणाली, असं लोकांना दाखवायचं नसतं. तुला वाईट वाटतं," ती कुजबुजली. "मला माहीतच नव्हतं, आई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे शिकायला मला मशीनखाली हात द्यावा लागला होता, ते या बाईने माझ्या पोरीला एका वाक्यात शिकवलं होतं. मी बाहुली उचलली आणि पाहुण्यांना सरबत देणाऱ्या नणंदबाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, ही बोटं तुम्ही शिवलीत?"

"अगं हो. जरासा हात फिरवला, झालं." त्यांनी आवाज खाली घेतला. "इथे नको बोलूया."

"तुम्हाला वाटलं पोरीला मोजता येत नाही?"

"तसं नाही गं. मला का माहीत नाही तुझा हात? म्हणून तर केलं. इतकी माणसं येणार, बघणार, विचारणार. तुलाच अवघड झालं असतं. तुझ्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी? मी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सगळं सांगावं लागतं का? आपलं माणूस आहेस तू."

"मग आपल्या माणसाची लाज का वाटते तुम्हाला?"

माणसं वळून बघायला लागली. नवरा लगबगीने आला. "अगं, घरी बोलू ना. आपलेच दात आपलेच ओठ. दोन बोटं शिवली, त्यात काय एवढं?"

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्या बोटांवर आलं असतं म्हणजे कळलं असतं," मी म्हणाले. तो खिडकीकडे सरकला. नेहमीच सरकतो. त्याच्या या बाजूला होण्याचाही मला त्या क्षणी भयंकर राग आला.

टेबलावर मुलांच्या कामाच्या कातऱ्या पडल्या होत्या. मी त्यांतली मोठी उचलली, बाहुलीचा हात टेबलावर दाबून धरला आणि ती दोन बोटं पात्यांमध्ये घेतली. एका झटक्यात उडवून टाकणार होते. सगळ्यांच्या देखत.

"आई, नको!"

खारू इतक्या जोरात किंचाळली की दारातलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. तिने येऊन माझं मनगट धरलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कापू नको! पुन्हा नको कापू!"

मी कातरी खाली ठेवली.  माझ्या रागाच्या भरात मी तिच्या डोळ्यांसमोर काय करायला निघाले होते, ते मला तेव्हा कळलं आणि माझी मलाच किळस आली. पण राग गेला नाही. तो फक्त जागेवर आला.

"ताई, बसा," मी म्हणाले. "तुम्ही शिवलीत, तुम्हीच उसवा. एकेक टाका."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"लावली तरी सगळ्यांना दाखवायलाच होती ना?"

त्यांनी भावाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मग त्या बसल्या, चष्मा लावला, सुई घेतली. इतका बारीक टाका घातला होता की तो निघता निघेना. कोणी हललं नाही, कोणी गेलंही नाही. मांजरवाल्या पोराची आई पोराला जवळ ओढून उभी होती. खारूने शेजारी बसून बाहुलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"आत्या, हळू."

"हळूच काढते आहे गं, राणी," नणंदबाई म्हणाल्या.  एक बोट सुटलं, मग दुसरं. कापडावर भोकांची ओळ राहिली आणि एका ठिकाणी कापूस बाहेर आला. नणंदबाईंना ते बघवेना. इतक्या वर्षांची सवय ती. त्यांनी नवा दोरा ओवला. "थांब, एवढं नीट करून देते. खुणा दिसायला नकोत."

"राहू दे," खारूने बाहुली मागे घेतली. "आईच्या हातावर पण टाक्यांच्या खुणा आहेत. तू कधी बघितल्या नाहीस?"

नणंदबाई मान खाली घालून दोऱ्याला गाठ मारायला लागल्या. मी डावा हात टेबलावर, त्यांच्या चष्म्यासमोर ठेवला.

"बघा," मी म्हणाले. "तुम्ही बघेपर्यंत मी काढणार नाही."