पुढचा ब्रेक

यशराजदादांचा वाढदिवस जवळ आला की कराडात विजेचा एकही खांब मोकळा राहत नाही. प्रत्येक खांबावर दादा. कुठे फोनवर बोलणारे, कुठे गॉगल लावून आभाळाकडे बघणारे, कुठे हात जोडून उभे असलेले. यंदा त्यात एका नव्या फलकाची भर पडली होती. त्यात दादा सायकलीचं हँडल धरून उभे होते आणि वर लिहिलं होतं, 'कन्येच्या पंखांना दादांचं बळ'. ही कन्या म्हणजे दीपमाला. तिने तो फलक पहिल्यांदा पाहिला तेव्हा वडिलांना एवढंच विचारलं की यात मी कुठे आहे. होती ती, खाली कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत, पासपोर्टच्या फोटोएवढी.

दीपमाला बावीस वर्षांची. वडील नागसेन पोस्टात. घरात कुणी कधी खेळाच्या वाटेला गेलेलं नव्हतं, पण ही पोरगी शाळेपासून सायकलीवर जी बसली ती उतरायचं नावच घेईना. जिल्ह्याच्या शर्यतीत दोनदा पहिली आली. यंदा पाटणच्या पुढच्या घाटात निवडीची शर्यत होती. घाट चढायचा, वळायचं आणि तोच घाट उतरायचा. त्यातून राज्याच्या संघात जाता येणार होतं, आणि वयाच्या गटाचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. नेमकी अशा वेळी जुन्या सायकलीची फ्रेम पेडलजवळ तडकली. ॲल्युमिनियमची होती. वेल्डिंगवाल्याने बघितली आणि हात जोडले.

ही बातमी दादांच्या कानावर गेली ती एका सत्काराच्या व्यासपीठावर. हातात माईक असला की दादांना कुणाचंही दुःख बघवत नाही. त्यांनी जागेवर जाहीर केलं की दुकानातली तयार सायकल नव्हे, पोरीच्या मापाची खास बनवून देतो. टाळ्या पडल्या. नागसेन यांचे डोळे भरून आले. दीपमालाचेही आले असते, पण दादांनी तिचं नाव दोनदा चुकीचं घेतलं होतं.

तरी सायकल बनली. सांगलीच्या नानासोंकडे, जे पोलादी फ्रेम हाताने करून देतात. दीपमाला तिकडे एकदा जाऊन हाताचं, पायाचं, धडाचं माप देऊन आली. पुढचं सगळं दादा बघतील असं तिला सांगण्यात आलं, आणि दादांनी ते बघितलं.

वाढदिवसाचा मांडव चढावर घातला होता. तिथून रस्ता थेट कृष्णेच्या पुलाकडे उतरतो. ऊन कलल्यावर दीपमाला वडिलांबरोबर व्यासपीठाच्या मागे गेली तेव्हा सायकल लाल साटिनच्या कापडाखाली उभी होती. तिने कापड वर केलं. हँडलला झेंडूचा हार, नळीवर कुंकवाचं स्वस्तिक, सीटखाली लिंबू-मिरची. आणि त्या सगळ्या सजावटीच्या आत खरोखर देखणी, हलकी सायकल. तिने ती एका हाताने उचलून पाहिली. ही माझी, असं तिला सरळ वाटून गेलं.

मग तिने सवयीने पुढचं चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं.

ती खाली बसली. चाकाच्या मधल्या चकतीला पकडणारा ब्रेकचा जबडा, म्हणजे कॅलिपर, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला बोल्टने कसलेला नव्हताच. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी तो करकचून बांधला होता, आणि वरून काळी टेप गुंडाळली होती, फोटोत दिसू नये म्हणून.

नानासो तिथेच होते, इस्त्रीचा शर्ट घालून, सत्काराच्या नारळाची वाट बघत. दीपमालाने त्यांना टेपकडे बोट दाखवलं. त्यांनी आधी इकडचं तिकडचं सांगितलं, मग खरं सांगितलं. हा जबडा सायकलीला दोन तऱ्हांनी बसतो. एकीत तो नळीवर सपाट टेकतो, ती फ्लॅट माउंट. दुसरीत नळीवर दोन बुटके खुंट असतात आणि त्यावर तो कसतात, ती पोस्ट माउंट. पोस्टचा जबडा फ्लॅटवर बसवायची पट्टी मिळते. उलटं करायला गेलं तर काही धड बसत नाही. म्हणून माउंट आधी ठरवायची आणि तिला जुळणारे ब्रेक मग घ्यायचे. यात अवघड काही नाही, सायकल चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. नानासोंनी त्यासाठीच दादांना फोन लावला होता. दादा पंगतीत होते. फ्लॅट की पोस्ट, असं विचारल्यावर दादांनी विचारलं की चांगलं कुठलं. नानासो पडले दुकानदार, ते म्हणाले दोन्ही चांगली. मग दादा म्हणाले, दोन्ही बसवा, आपल्याकडं काय कमी पडाय नको.

आणि नानासोंनी दोन्ही बसवल्या. मागे फ्लॅट, पुढे पोस्ट. ब्रेक दादांनी पुण्याहून परस्पर मागवले होते, सगळ्यात महागडे, पुढचा-मागचा दोन्ही फ्लॅटचे; पुढच्या पोस्टवर ते बसणारच नव्हते.

मटण वाढू की चिकन, असं विचारल्यावर द्यायचं उत्तर दादांनी ब्रेकला दिलं होतं. दीपमालाला हसू आलं आणि त्या हसण्याची तिला चीडही आली. हा माणूस साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहतो, शाळांची उद्घाटनं करतो, पाण्याच्या योजनांवर बोलतो. तिथेही असाच दोन्ही बसवा म्हणत असणार, आणि तिथेही सगळे मान डोलवत असणार. नानासोंना तिने विचारलं की तुम्ही नाही का म्हटलं नाही. त्यांनी असं तोंड केलं की जणू तिने त्यांना नदीत उडी मारायला सांगितली होती. दादांना नाही कोण म्हणणार?

नागसेन यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"दिपे, आता गप घे. घरी न्हिऊन बघू काय ते. नको म्हटलीस तर फुडं कोण देणार हाय आपल्याला?"

खरंच होतं ते. शर्यत तोंडावर आली होती. मूर्ख माणसाने दिलेली असली तरी सायकल मूर्ख नव्हती. एक फोर्क बदलला की काम झालं असतं. दीपमालाने राग गिळला आणि मान हलवली.

वर भाषणं सुरू झाली. दादांची तुलना वटवृक्षाशी झाली, सूर्याशी झाली, एकाने तर कोयनेच्या धरणाशी केली. दादा डोळे मिटून ऐकत होते. फीत कापली, कापड ओढलं, फटाक्यांची माळ लागली. दीपमालाच्या हातात हँडल दिलं गेलं आणि नागसेन यांच्या खांद्यावर शाल पडली. तेवढ्यात सूत्रसंचालक वीरधवलने जाहीर केलं की आता आपली कन्या या सायकलीवरून थेट कृष्णेच्या पुलापर्यंत जाईल आणि तिच्या मागोमाग दादांची मोटारसायकल रॅली निघेल.

दीपमालाने उताराकडे बघितलं. खाली मोटारसायकली आत्ताच गुरगुरायला लागल्या होत्या. पुढचा ब्रेक नाही, मागून एवढा लोंढा, आणि उतार पुलापर्यंत कुठेच सपाट नाही. मग तिला वाटलं, दादाला बिचाऱ्याला माहीतच नाही. दोन पावलं चालवून बघेल, चाक थांबत नाही म्हटल्यावर स्वतःच रॅली रद्द करेल. मागचा ब्रेक शाबूत होता, दोन पावलांत काही कुणी पडत नाही.

तिने सायकल दादांपुढे धरली आणि माईकमध्ये म्हणाली की पहिला मान दादांचा.

लोकांना ते फारच आवडलं. दादा, दादा म्हणून आरोळ्या उठल्या. दादा हसत पुढे आले, सीटवर हात ठेवला आणि थांबले. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ते तिच्या कानाशी वाकले.

"अगं, त्याचा फुडचा ब्रेक लागत न्हाई. नानासो सकाळीच बोललाय मला."

दीपमालाने हँडल आपल्याकडे ओढलं.

"तुमाला ठावं हुतं? आन् मला सोडणार हुता उतारावनं?"

"तू कुठं जोरात जाणार हाईस," दादा अजून हसतच होते. "फोटोपुरतं तर हाय. जायचं हळूहळू."

इतका वेळ ती त्यांना बावळट समजत होती. बावळटपणा तिने पोटात घातला असता. पण या माणसाने तिची शर्यत, तो घाट, तिचा इतक्या वर्षांचा पहाटेचा सराव, यातलं काहीच कधी खरं धरलेलं नव्हतं. त्याच्या लेखी ती सायकलीवर ठेवायची एक वस्तू होती, आणि वस्तूला ब्रेक लागत नाही.

तिने सायकल उलटी केली आणि सीटवर, हँडलवर उभी केली. झेंडू चुरगळला. फीत कापलेली कात्री ताटात पडली होती, ती घेऊन तिने पुढच्या चाकाजवळच्या पट्ट्या एकेक करून कापल्या. जबडा सुटला आणि ब्रेकच्या तेलाच्या नळीला लोंबायला लागला. तिने तो दादांच्या हातात दिला.

"दादा, ह्यो धरा. ह्यो बसंल असा फोर्क आणा. मग जोरात म्हंजे काय ते मी घाटात दावते."

माईक चालूच होता, दादांचं कानाशी बोललेलंही पुढच्या रांगेपर्यंत पोचलं होतं. दादांना जबडा खाली टाकता येईना, कारण सगळे बघत होते, आणि धरून बाजूलाही होता येईना, कारण नळी सायकलीत अडकलेली. दावं हातात आलं पण जनावर कुणाचं ते ठाऊक नाही, अशा माणसासारखे ते उभे राहिले. फोटोवाल्यांनी फोटो काढले, त्यांना तेवढंच काम होतं.

फोर्क पुढच्या आठवड्यात सांगलीहून आला, कारण तोवर दादा चहाला थांबले तरी लोक ब्रेक बसला का म्हणून विचारत होते. दीपमालाने स्वतःच्या हाताने बोल्ट कसले, शर्यतीला उतरली आणि निवडलीही गेली. पण ते नंतरचं. त्या दिवशी ती सायकल तिथेच ठेवून पायऱ्या उतरली तेव्हा आपल्या हाताने सगळं घालवलं असंच तिला वाटत होतं. समोरच्या रांगेत नागसेन उठून उभे होते. आता ते आपल्याला बोलणार, असं तिला वाटलं. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि ते तिच्याबरोबर चालू लागले. मांडवाबाहेर आल्यावर म्हणाले,

"मी गप घे म्हटलं तुला. मला वाटलं, नुसतं ब्रेकचंच हाय."