फरशीवरची माती

"तुझं घर राहण्याच्या लायकीचं नाही, एवढं कबूल करायला तुझं काय जातंय गं?" पार्तिनाने विचारलं. विचारलं तेही माइकवरून.

भिशीला जमलेल्या बायका लास्मीकडे बघू लागल्या. लास्मीने तळलेल्या केळ्याचा मोठा तुकडा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की माणसाला लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

खोली अशी होती की कुजबुजलं तरी मागच्या भिंतीपर्यंत पोचावं. पण गावकचेरीने पार्तिनाला 'घरकुल जागृती सेविका' नेमलं तेव्हा तिला एक फिकट हिरवा गणवेश दिला होता आणि एक माइक. पगार दिला नव्हता. तेव्हा जे दिलंय ते पुरेपूर वापरायचं, असं तिचं धोरण होतं.

"म्बाक पार्ती," लास्मी घास गिळून म्हणाली, "ते लोक नंतर भिंतीवर 'गरीब कुटुंब' असं रंगवून जातात ना? हातभर अक्षरांत?"

"वीतभर."

"वीतभर तर वीतभर. आमच्या ह्यांचे पक्षीवाले मित्र येतात घरी. त्यांनी काय वाचायचं?"

"तुझी भिंत आहे बांबूच्या तट्ट्याची, आणि त्यात भोकंच जास्त. आधी रंगवण्याजोगी भिंत तर येऊ दे. मग लाज काय लाजायचं ते."

बायका हसल्या. लास्मीही हसली आणि तिने दुसरं केळं उचललं. जागृती झाली.

योजना तशी साधी होती. विटा, सिमेंट, कौलं सरकारची. अंगमेहनत वस्तीची, जावा बेटावर तिला कुणी नाही म्हणत नाही. आणि घरमालकाने आपण गरीब आहोत एवढं चारचौघांत मान्य करायचं. आमच्या सुंबरप्रिंगमध्ये घोडं नेमकं ह्या शेवटच्या गोष्टीपाशी अडायचं. गरिबी सगळ्यांना मान्य होती, चारचौघं नको होते.

पार्तिनाला लास्मीचा पुळका आला होता, असं मात्र कुणी समजू नये. ह्या वर्षी वस्तीच्या वाट्याला एकच घर आलं होतं आणि ते कुणाचं हे पार्तिनाने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिच्या मागच्या खोलीचे वासे वाळवीने खाल्ले होते. पश्चिमेची भिंत टेकूवर उभी होती. सोलो शहरात राहणारी मुलगी ईदला आली, छताकडे बघत जेवली आणि म्हणाली, "आई, हे नीट होईस्तोवर पोरं इथं झोपणार नाहीत." नातवंडं संध्याकाळच्या बसने परत गेली. तेव्हापासून घर हवंच होतं. पण जागृती करणारीचा एकटीचाच अर्ज, हे काही बरं दिसलं नसतं. हरायला कुणीतरी लागतं. आणि लास्मीला हरताना बघायची पार्तिनाची इच्छा तर फार जुनी होती.

दोघी एकाच वर्षी ह्या वस्तीत सुना म्हणून आल्या. भिंतीला भिंत. लास्मी तिला म्बाक म्हणते, म्हणजे थोरली बहीण. ते केवळ वय काढण्यासाठी, असं पार्तिनाचं मत. लास्मीच्या उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याची चटणी दुपारच्या आत विकून संपते. त्याच रस्त्यावर, त्याच झाडाखाली पार्तिनाचं तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, संध्याकाळपर्यंत माश्या वारत बसतं. लास्मीचे केस अजून काळे. आणि लास्मीला नवरा आहे.

हा वागिमान. सकाळी होल्याचा पिंजरा उंच बांबूवर चढवतो, संध्याकाळी उतरवतो, मधल्या वेळात पक्षी घुमतोय का ते ऐकतो. काहीच करत नाही हे खरं. पण काहीच न करायला तो घरी असतो. पार्तिनाचा दार्सोनो आयुष्यभर सेमारांगला लोकांच्या घरांत फरश्या बसवत राहिला. वर्षातून दोनदा घरी यायचा. शेवटचा आला तो तापाने फणफणून, आणि मग परत जायचं राहूनच गेलं.

महिन्याभराने वस्तीच्या बैठकीत नाव वाचलं गेलं.

"लास्मी, वागिमानची बायको," वस्तीप्रमुख पाक सुगितो म्हणाले. आमच्याकडे मानाने पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.

टाळ्या पडल्या. पार्तिना पुढेच उभी होती, तेव्हा तिलाही वाजवणं भाग होतं. हातात माइक असल्यामुळे तिची टाळी सगळ्यांत मोठी वाजली.

बैठक मोडल्यावर तिने सुगितोंना दारात गाठलं.

"पाक, माझं छत बघितलंय का तुम्ही?"

"बघितलंय, बू. छत वाईटच आहे. पण तुमच्या पुढच्या खोलीत चिनीमातीची फरशी आहे."

"एका खोलीत!"

"एकाच. पण तुमच्याकडे आलो की आम्ही चपला दारात काढतो. लास्मीकडे मातीची जमीन, चपलांसकट आत जातो. आता जिथं चपला काढाव्या लागतात ते घर गरिबाचं, असं मी वरच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

"छत पडलं की या मग चपला घालून. मला बाहेर काढायला."

"चिडू नका. हरकत घ्या ना. परवा तालुक्याचे पाक हेंद्रो फेरतपासणीला येणारच आहेत. मी आणतो त्यांना तुमच्याकडे."

वाटेत लास्मी मागून पळत आली. तिने पार्तिनाचे दोन्ही हात धरले. "म्बाक, तुझ्यामुळे झालं गं सगळं. तू त्या दिवशी माइकवर बोलली नसतीस, तर मी काही अर्ज द्यायला जाणार नव्हते."

हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं.

"हे म्हणतायत खिडकी पूर्वेला काढू," लास्मी सांगत होती. "होल्याला सकाळचं ऊन चांगलं असतं म्हणे. घसा सुटतो."

म्हणजे पक्ष्याचीही सोय झाली होती. पार्तिना म्हणाली, "छान," आणि घराकडे वळली.

घरी येऊन ती फरशीकडे बघत बसली. मोडकं छत, कुजकी भिंत, सगळं असून ह्या चार हात लकाकत्या जमिनीने घात केला होता. लास्मीच्या नवऱ्याने उभ्या जन्मात घरात एक वीट आणली नाही, त्याची बायको घर घेऊन गेली. आपल्याने आणली, बसवली, वर पुसून घेतली, तर आपण श्रीमंत ठरलो. लास्मीकडे जे जे होतं त्याचा पार्तिनाने आजवर हेवा केला होता. आता लास्मीकडे जे नव्हतं त्याचाही करावा लागत होता.

फरशी उखडता येण्यासारखी नव्हती. दार्सोनोने बसवलेलं निघत नाही, असं सेमारांगचे मुकादम सांगायचे. तेव्हा झाकणं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लास्मी बाजाराच्या रस्त्याला लागल्याबरोबर पार्तिनाने घरामागच्या केळींखाली कुदळ घातली. टोपलीमागून टोपली माती आत आणली, पसरली, पाणी शिंपडलं, फळकुटाने बडवून चोपली. दुपारपर्यंत खोली तिच्या लग्नाच्या वर्षात जाऊन पोचली. दारात उभं राहून तिने पाहिलं. आता आपण लास्मीइतक्या गरीब दिसतो, असं तिला वाटलं. किंबहुना काकणभर जास्तच; लास्मीची जमीन इतकी ओबडधोबड नव्हती. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पाक हेंद्रो आले. अंगाने भरलेले, घामाघूम, पायात जाड बूट. बरोबर सुगितो. पार्तिनाने त्यांना आधी छत दाखवलं, मग वासे, मग टेकू. हेंद्रो प्रत्येक ठिकाणी "अरेरे" म्हणाले. मग अंगणाला वळसा घालून तिघं पुढच्या दाराशी आली.

सुगितोंनी आत डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ते दाराची चौकट अतिशय बारकाईने तपासू लागले.

हेंद्रो बुटांसकट आत गेले. "जमीन मातीची," ते म्हणाले. पार्तिना त्यांच्या मागोमाग आत आली.

हेंद्रो वळले. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग दाराबाहेर.

"बू, चपला बाहेर का काढल्यात?"

पार्तिनाने खाली बघितलं. तिची अनवाणी पावलं ओलसर मातीवर होती. दाराबाहेर तिच्या चपला शेजारीशेजारी, तोंड अंगणाकडे करून ठेवलेल्या. फरशी बसली त्या दिवसापासून ह्या उंबऱ्यावर तिच्या पायांनी दुसरं काही केलंच नव्हतं. तिने काल सगळ्याचा विचार केला होता, पायांचा राहिला होता.

"सवय," ती म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं.

"मातीसाठी?"

शेजारी बांबूवर होला घुमला. हेंद्रोंनी बुटाची टाच जमिनीवर आपटली. टक्क असा आवाज आला.

"माती फार कडक आहे इथली."

"हा भाग खडकाळच आहे तसा," सुगितो चौकटीशी बोलले.

हेंद्रोंनी बुटाच्या टोकाने थोडी माती सारली. खालून निळी फरशी निघाली. तिच्याशेजारी फुलाची तपकिरी.

"रंग वेगवेगळे?"

"ते काम करायचे तिथल्या उरलेल्या आहेत," पार्तिना म्हणाली. "मालक लोक फेकून द्यायचे. कुठून दोन मिळाल्या, कुठून चार."

हेंद्रो गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "सांधे मात्र एकसारखे हो."

"लोकांच्या घरात कधी चुकले नाहीत. आपल्या घरात काय चुकतील?" पार्तिना ताठ होत म्हणाली.

हेंद्रो सरळ झाले. "बू, तुमची हरकत आलीच नाही असं मी लिहितो. खोटी जमीन दाखवली असं लिहिलं तर तुमचा हा गणवेश जाईल."

"आणि छत?"

"छत वाईट आहे. पण फरशी चांगली आहे. आमच्याकडे दोन्हींची बेरीज होते." मग काय वाटलं कोण जाणे, झोपलेल्या माणसाच्या अंगावर चादर ओढावी तशी त्यांनी बुटाने ती माती पुन्हा फरशीवर ओढली, आणि ते बाहेर पडले.

सुगितोंनी कुणाला सांगितलं नसेल. पण आमच्या वस्तीत सांगावं लागत नाही. पुढच्या रविवारी लास्मीचं घर उतरवायला सगळे जमले तेव्हा जिला माहीत नाही अशी एकही बाई चुलीपाशी नव्हती. तरी सगळ्या शहाण्यासारख्या गप्प होत्या. फक्त सुगितोंची बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जोत्याला माती कुठली चांगली, ते बू पार्तींना विचारा बाई. त्यांचा अभ्यास आहे."

पार्तिना मिरच्या चिरत होती. त्या दिवशी तिने मिरच्या फार बारीक चिरल्या.

लास्मीचं घर दोन तासांत उतरलं. तट्टे, कूड, वासे. एवढ्याशा गोष्टींत लास्मी तीस वर्षं राहिली होती. नव्या भिंतींच्या रेषा चुन्याने आखल्या गेल्या, पायाचे दगड बसले, आणि पुढच्या आठवड्यात विटांचं जोतं गुडघ्याइतकं आणि त्यावर भिंती कमरेइतक्या उभ्या राहिल्या. पार्तिना टेंपे तळताना ते सगळं रोज वाढताना बघायची. पूर्वेला खिडकीची जागा सोडलेली दिसायची.

तिच्या खोलीतली माती तशीच होती. उद्या काढू, असं ती रोज म्हणे. माती काढली की हरकत, फेरतपासणी, सगळंच कायमचं निकालात निघणार होतं.

एका सकाळी लास्मी टोपली घेऊन दारात आली.

"म्बाक, जोत्यात भर कमी पडतेय. तुझ्याकडे आहे ना?"

कुठे आहे, कशी आली, हे तिने विचारलं नाही. पार्तिनाला वाटलं, विचारलं असतं तर निदान भांडता आलं असतं. ती बाजूला सरली. दोघी उकिडव्या बसून माती भरू लागल्या. वरचा थर वाळून भेगाळला होता. लास्मीने मूठभर माती बोटांत चोळून बघितली.

"चाळलीयस?"

"हूं."

"झाकायची माती कोण चाळतं गं?"

"खडे होते," पार्तिना म्हणाली. "ओरखडे पडले असते."

लास्मीने टोपली काठोकाठ भरली आणि कमरेवर घेतली. दुसरी पार्तिनाने घेतली. सकाळभर दोघींच्या खेपा चालल्या. कोपऱ्यांतली माती लास्मीने हाताने ओढून काढली, कुदळ लावू दिली नाही. शेवटची खेप पार्तिनाने एकटीने नेली, जोत्यात ओतली आणि त्यावर चढून पायांनी चोपू लागली. चोपायला हवी होती त्याहून जरा जास्त चोपली.

"झालं का? फोटो घ्यायचाय," पाक हेंद्रो रस्त्यावरून म्हणाले. काम अर्ध्यावर आलं की फोटो वर पाठवावा लागतो. "घरमालकीण कुठंय? जोत्यावर या. मध्ये."

लास्मी ओढणीने तोंड पुसत वर चढली. तिला हसावं की नाही ते कळेना. "म्बाकलाही राहू द्या ना," ती म्हणाली. "माती तिची आहे."

"फक्त लाभार्थी," हेंद्रो म्हणाले. त्यांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला. "बू पार्ती, जरा बाजूला."

पार्तिना जोत्यावरून खाली उतरली.

"अजून थोडं."

ती आणखी दोन पावलं मागे झाली.

"टोपली येतेय."

पार्तिनाने टोपली पाठीमागे घेतली आणि फोटो निघेपर्यंत ती तशीच उभी राहिली.